तुरुंगातली नर्स कुणाची?

तुरुंगातल्या आरोग्यसेवेची अवस्था जाणून घ्यायची असेल तर औषधांचं कपाट उघडून बघण्याआधी तिथल्या नर्सला चार साधे प्रश्न विचारावेत. पगार कोण काढतं? रजा कोण मंजूर करतं? गोपनीय अहवाल कोण लिहितं? बदलीच्या आदेशावर सही कुणाची असते? चारही उत्तरं ‘तुरुंगाचे अधीक्षक’ अशी आली, तर पुढचं बरंचसं न विचारताही कळतं. नर्स कितीही हुशार असो, कितीही मायाळू असो, ती रुग्णाला तपासत असताना खोलीत एक तिसरा माणूस हजर असतो. तो दिसत नाही, पण तिच्या नोकरीची दोरी त्याच्या हातात असते.

माझं म्हणणं असं की तुरुंगातलं नर्सिंग तुरुंग प्रशासनाच्या हाताखालून काढून सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेकडे सोपवलं पाहिजे, आणि सोपवताना त्याचं रीतसर करिअर बनवलं पाहिजे. म्हणजे वेगळं प्रशिक्षण, बढतीच्या वाटा, बाहेरच्या रुग्णालयात ये-जा आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार. यातला पहिला भाग बऱ्याच जणांना पटतो. दुसऱ्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. तुरुंगातल्या आरोग्यावर चर्चा झालीच तर ती कैद्यांच्या हक्कांची होते, नाहीतर डॉक्टरांच्या नीतिमत्तेची. डॉक्टर अनेक ठिकाणी ठरावीक वेळी येतो आणि जातो. उरलेला सगळा वेळ तुरुंगाची आरोग्यसेवा म्हणजे नर्सच असते.

तिचं काम आधी नीट पाहू. माणूस तुरुंगात येतो तेव्हा अटकेची दगदग झालेली असते, झोप झालेली नसते, रोजच्या गोळ्या घरीच राहिलेल्या असतात. कैद्यांना कसं वागवावं याचे किमान नियम १९५५ साली आखले गेले होते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०१५ मध्ये ते सुधारून स्वीकारले आणि त्यांना नेल्सन मंडेला यांचं नाव दिलं. १९८८ साली तुरुंगात असतानाच मंडेला क्षयाने आजारी पडले होते, त्यामुळे ते नाव आरोग्याच्या बाबतीतही शोभतं. या १२२ नियमांतला ३०वा सांगतो की आत आलेल्या प्रत्येकाची डॉक्टरने किंवा अन्य पात्र आरोग्य कर्मचाऱ्याने शक्य तितक्या लवकर तपासणी करावी. व्यवहारात हा ‘अन्य पात्र कर्मचारी’ म्हणजे बहुतेक वेळा नर्स.

त्या काही मिनिटांत तिला काय काय ताडायचं असतं ते बघा. समोरच्याचे हात थरथरतायत ते भीतीने की दारू तुटल्यामुळे? अनेक वर्षांची दारू एकदम बंद झाली की दोन-चार दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, उपचार मिळाले नाहीत तर माणूस दगावू शकतो. खोकला किती दिवसांचा आहे? हा गप्प आहे तो स्वभावाने, की त्याच्या डोक्यात जीव देण्याचं घोळतंय? कोठडीतले पहिले दिवस त्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात. आणि पाठीवरचे वळ? ते पडल्याचे की मारल्याचे? त्याच ३०व्या नियमात, तुरुंगात येण्याआधी झालेल्या छळाच्या खुणा ओळखणं हे या तपासणीचं एक काम म्हणून नोंदवलंय. ३४वा नियम तर अशा खुणा दिसल्या की लिहून ठेवा आणि योग्य यंत्रणेला कळवा असं सांगतो. हे लिहायला सोपं आहे. ज्याच्या खात्यातल्या माणसांकडे त्या नोंदीमुळे बोट दाखवलं जाणार, तोच आपला गोपनीय अहवाल लिहिणार असेल, तर नोंदवहीत ‘जुने व्रण’ एवढंच लिहून पान उलटण्याचा मोह किती जणींना टाळता येईल?

मग रोजचं औषधवाटप. बाहेरच्या वॉर्डात गोळी हातावर ठेवली की काम झालं. इथे ती गिळली का, हे तोंड उघडायला आणि जीभ उचलायला सांगून बघावं लागतं. झोपेच्या, वेदनेच्या, मानसिक आजाराच्या काही गोळ्यांना आत भाव असतो. कुणी गोळी गालात ठेवतो कारण त्याला कुणाचं तरी देणं फेडायचंय. कुणाकडून ती दांडगे लोक रोज काढून घेतात आणि तो भीतीने सांगत नाही. कुणी साठवत असतो, एकदम घेण्यासाठी. गालातली गोळी तीच, पण पहिल्याला दटावून भागेल, दुसऱ्याची बराक बदलायला हवी, तिसऱ्याला आजच्या आज मानसोपचार हवेत. रक्षकाच्या दृष्टीने तिन्ही म्हणजे शिस्तभंग. फरक करू शकणारी व्यक्ती एकच, आणि तिच्यासमोर अजून लांब रांग उभी असते.

इन्सुलिनचं उदाहरण मला सगळ्यांत बोलकं वाटतं. इन्सुलिन कधी द्यायचं हे जेवणावर ठरतं, जेवण कधी येणार हे तुरुंगाच्या वेळापत्रकावर ठरतं, आणि वेळापत्रक कधी कोलमडेल याचा नेम नसतो. गिनती, म्हणजे कैद्यांची मोजदाद, जुळली नाही की सगळं थांबतं. ज्याला दहा मिनिटांपूर्वी टोचलंय त्याची साखर मात्र थांबत नाही. त्या वेळी ‘याला आधी खायला द्या’ असं नर्सने म्हटलं तर ते ऐकलं जातं का? मंडेला नियमांतला २७वा म्हणतो की वैद्यकीय निर्णय आरोग्य कर्मचाऱ्यांनीच घ्यायचे, बिगरवैद्यकीय कर्मचाऱ्यांनी ते डावलायचे नाहीत. कागदावर प्रश्न मिटला. गिनतीच्या वेळी तो किती मिटलेला असतो, हे नर्सच्या हुद्द्यावर अवलंबून असतं.

आणि रात्र. छातीत दुखतंय असं कोठडीतून कुणी ओरडतो, रक्षक म्हणतो, ‘नाटक आहे, ह्याचं नेहमीचंच.’ डॉक्टर फोनवर. दार उघडायला चावी लागते आणि ती तिच्याकडे नसते. रुग्णवाहिका मागवली आणि काही निघालं नाही तर दोन रक्षक रात्रभर रुग्णालयात अडकले म्हणून दुसऱ्या दिवशी टोमणे ऐकायचे. नाही मागवली आणि सकाळी तो उठला नाही, तर चौकशी तिची.

नाटकं होत नाहीत असं मी म्हणणार नाही. होतात. बराकीतून दोन तास सुटका हवी असते, गोळी हवी असते, कधी नुसतं कुणीतरी माणसासारखं बोलावं असं वाटत असतं. सगळ्यांवर विश्वास ठेवणारी नर्स इथे टिकत नाही, आणि कुणावरच न ठेवणारी टिकते, हीच तर अडचण आहे. संशय हा तुरुंगाचा पाया आहे, तो रक्षकाला शोभतो. नर्सच्या हाती तो आला की तिचं निदान बिघडतं, कारण नाटक करणाऱ्यालाही हृदयविकार होतो. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली एस्टेल विरुद्ध गॅम्बल या खटल्यात ठरवलं की कैद्याच्या गंभीर वैद्यकीय गरजेकडे जाणूनबुजून दुर्लक्ष करणं ही घटनेने निषिद्ध ठरवलेली क्रूर शिक्षा आहे. टेक्ससच्या तुरुंगात काम करताना कापसाचा गठ्ठा अंगावर पडून जखमी झालेल्या एका कैद्याचा तो दावा होता. तत्त्व त्या निकालाने जिंकलं. खुद्द त्याच्या डॉक्टरवरचा आरोप मात्र न्यायालयाने मान्य केला नाही, कारण चुकीचे किंवा अपुरे उपचार म्हणजे जाणूनबुजून दुर्लक्ष नव्हे. हा फरक कायद्याला लागतो, समजू शकतो. पण तुरुंगातलं बरंचसं नुकसान ‘जाणूनबुजून’ होतच नाही. ते सवयीने होतं. सहाशे वेळा नाटक पाहिलेल्या डोळ्यांना सहाशेएकाव्या वेळीही नाटकच दिसतं, आणि कुठलंही न्यायालय त्या सवयीला शिक्षा देऊ शकत नाही.

एवढं अवघड काम. आपत्कालीन विभागातली तत्परता, मनोरुग्णालयातला संयम आणि साथरोगाच्या कामातली चिकाटी एकाच पाळीत मागणारं. आणि तरी खुद्द नर्सिंगच्या वर्तुळात त्याची पत काय, तर ‘तिकडे का टाकलं तुला?’ अतिदक्षता विभागात काम केलेलीचा अनुभव मोजला जातो, तुरुंगात काम केलेलीचा समजून घेतला जातो, दुखणं समजून घ्यावं तसा. विद्यार्थिनींना तुरुंगाच्या दवाखान्यात प्रात्यक्षिकाला क्वचितच पाठवतात. मग तिथे पोचतात त्या दुसरीकडे जागा न मिळालेल्या, किंवा निवृत्तीपर्यंत निवांत जागा मिळाली अशी चुकीची समजूत झालेल्या. काही मात्र ठरवून आलेल्या असतात. त्यांच्यावरच सगळा डोलारा उभा असतो, आणि त्यांनाच वर जायला शिडी नसते.

इथे नेहमीचा आक्षेप येतो: गुन्हेगारांसाठी एवढं कशाला? त्याला मी लांबलचक उत्तर देणार नाही. जगभरच्या तुरुंगांत मिळून एक कोटीहून जास्त माणसं आहेत, त्यांतली लाखो अजून दोषीही ठरलेली नाहीत. जी ठरली आहेत त्यांना न्यायाधीशाने स्वातंत्र्य गमावण्याची शिक्षा सुनावली, अपेंडिक्स फुटेपर्यंत वाट बघण्याची नव्हे. शिवाय बाहेरचा माणूस एका दवाखान्यात दाद लागली नाही तर दुसरीकडे जातो. कैद्याचा तो मार्ग राज्याने बंद केलेला असतो, त्यामुळे जबाबदारीही राज्याचीच.

या आक्षेपाला दुसरं एक उत्तर फार लोकप्रिय आहे. तुरुंगातला रोग बाहेर येतो, म्हणून निदान स्वतःच्या भल्यासाठी तरी कैद्यांवर उपचार करा. ते खोटं नाही. १७५० साली लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात न्यूगेट तुरुंगातून आणलेल्या कैद्यांबरोबर ‘जेल फीवर’, म्हणजे टायफस, आला आणि लॉर्ड मेयरसह न्यायाधीश, वकील, ज्युरी असे कितीतरी जण त्यात मेले. पुढे जॉन हॉवर्ड नावाच्या गृहस्थाने गावोगावचे तुरुंग पालथे घातले, १७७४ साली ब्रिटिश संसदेपुढे साक्ष दिली, आणि तुरुंगाच्या भिंतींना चुना लावा, आजाऱ्यांना वेगळं ठेवा असं सांगणारा कायदा झाला. क्षयाचं आजही तेच आहे. कोंदट, गच्च भरलेल्या बराकींत तो बाहेरच्यापेक्षा कित्येक पटींनी जास्त आढळतो, आणि भेटीला येणारे, रक्षक, सुटून जाणारे असे सगळेच तो बरोबर नेऊ शकतात.

तरीही या युक्तिवादाचा मला धाक वाटतो. स्वार्थाने दिलेली सेवा स्वार्थ संपला की संपते. क्षय पसरतो म्हणून त्याच्या गोळ्या येतील. मधुमेह पसरत नाही. नैराश्य पसरत नाही, निदान आरोग्यमंत्र्यापर्यंत तरी नाही. म्हाताऱ्या कैद्याचा विसरभोळेपणा, बाळंतिणीचा रक्तक्षय यांतलं काहीच भिंत ओलांडून येत नाही. बाहेरच्यांच्या भीतीवर उभी केलेली तुरुंगसेवा संसर्गाच्या तपासण्या नेटाने करेल आणि इन्सुलिन उशिरा देईल. नर्सचं कर्तव्य रुग्ण किती धोकादायक आहे यावरून ठरत नाही, आणि तिच्या जागांसाठी पैसे मागतानाही त्या भीतीचा आधार घेऊ नये असं मला वाटतं.

आता मूळ मुद्द्याकडे. नर्स तुरुंगाची नोकर असली की कोणती कामं तिच्या गळ्यात पडतात? एकांत कोठडीत टाकण्याआधी ‘हा माणूस ते सोसू शकेल’ असा दाखला द्या. शरीरात काही लपवलंय का ते तपासा. लघवीचा नमुना घ्या, उपचारासाठी नव्हे, शिक्षेसाठी. मंडेला नियमांनी या बाबतीत बरीच स्पष्टता आणली आहे. रोज बावीस तास किंवा जास्त माणसाच्या खऱ्या सहवासाशिवाय ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग पंधरा दिवसांपलीकडे तो नेणं निषिद्ध. ४६वा नियम सांगतो की आरोग्य कर्मचाऱ्यांचा शिस्तीच्या शिक्षा देण्यात काहीही सहभाग नसावा, पण एकांतात ठेवलेल्याला त्यांनी रोज जाऊन भेटावं. आणि शरीराच्या आतली झडती घ्यायचीच झाली तर ती शक्यतो त्या कैद्यावर रोज उपचार न करणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्याने घ्यावी. यामागचं कारण उघड आहे. सकाळी जिने झडती घेतली, तिच्यापुढे दुपारी कोण मोकळेपणाने दुखणं सांगेल? पण जिथे पाळीला एकच नर्स आहे, तिथे ‘दुसरी’ आणायची कुठून? तुरुंगाच्या आस्थापनेवरची एकटी नर्स हे काम नाकारू शकत नाही. रुग्णालयाच्या आस्थापनेवरची नर्स सांगू शकते की हे माझ्या कामात बसत नाही, माझ्या वरिष्ठांशी बोला.

नकाराला किती पाठबळ लागतं याचं एक उदाहरण जगापुढे आलेलं आहे. २०१४ साली ग्वांटानामो इथल्या अमेरिकी लष्करी तुरुंगात अमेरिकी नौदलातल्या एका नर्सने उपोषणाला बसलेल्या कैद्यांच्या नाकातून नळी घालून जबरदस्तीने अन्न देण्याचं काम करायला नकार दिला. जागतिक वैद्यक संघटनेने १९७५ च्या टोकियो जाहीरनाम्यातच, समजून-उमजून उपोषण करणाऱ्या कैद्याला कृत्रिमरीत्या अन्न देऊ नये असं म्हटलेलं आहे, म्हणजे त्याची भूमिका काही जगावेगळी नव्हती. त्याला तिथून हलवलं गेलं, नौदलातून काढून टाकण्याच्या हालचाली सुरू झाल्या. अमेरिकन नर्सेस असोसिएशन त्याच्या बाजूने उभी राहिली, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या, आणि २०१५ साली त्या हालचाली मागे घेण्यात आल्या. हा अधिकारी हुद्द्यावरचा माणूस होता. त्याच्यामागे देशातल्या नर्सेसची मोठी व्यावसायिक संघटना होती, आणि जगाचं लक्ष त्या तुरुंगावर होतं. एरवीच्या तुरुंगात, कुणाचंच लक्ष नसताना, एखाद्या कनिष्ठ नर्सने असा नकार दिला तर? बातमी होणार नाही, बदली होईल. म्हणून नीतिनियमांची पुस्तकं कितीही छापली तरी पगारपत्रक कुणाच्या टेबलावर आहे हा प्रश्न सुटत नाही.

काही देशांनी तो सोडवून पाहिलाय. नॉर्वेने १९८० च्या दशकातच तुरुंगातली आरोग्यसेवा बाहेरच्या नागरी यंत्रणेकडे दिली. फ्रान्सने जानेवारी १९९४ च्या कायद्याने ती सार्वजनिक रुग्णालयांकडे सोपवली. इंग्लंडमध्ये २००६ पर्यंत ती राष्ट्रीय आरोग्यसेवेच्या कक्षेत आली, स्कॉटलंडमध्ये नोव्हेंबर २०११ मध्ये, फिनलंडमध्ये २०१६ साली. यातून स्वर्ग अवतरला का? नाही. फ्रान्समधल्या तुरुंगांची गर्दी कमी झाली नाही, आणि रुग्णाला बाहेर न्यायला सोबतीचे रक्षक मिळत नाहीत म्हणून तपासण्या रद्द होण्याची तक्रारही संपली नाही. नर्स रुग्णालयाची झाली तरी चावी आणि गाडी तुरुंगाचीच राहते. गर्दीपुढे तर कोणतीच व्यवस्था टिकत नाही. कॅलिफोर्नियाचे तुरुंग क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट भरले होते, आत्महत्येच्या उंबरठ्यावरच्या कैद्यांना टेलिफोन बूथएवढ्या पिंजऱ्यांत ठेवलं जात होतं. शेवटी २०११ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कैद्यांची संख्या क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणायचा आदेश कायम केला. तिथे आणखी नर्सेस नेमून भागलं नसतं, माणसं कमी करावी लागली.

हस्तांतराविरुद्धचा एक मुद्दा मी गंभीरपणे घेतो. तुरुंगाची माणसं नर्सला ‘आपली’ मानतात म्हणून चावी लवकर फिरते, तिच्या अंगावर कुणी धावून आलं तर चार जण धावतात. ती बाहेरची झाली की हे सगळं आटेल, असं अनुभवी लोक सांगतात. थोडं आटेलही. रक्षकांशी चांगले संबंध हे तुरुंगातल्या नर्सचं मोठं कौशल्य आहे आणि कोणत्याही खात्यात असली तरी ते तिला कमवावंच लागेल. पण मतभेद झाला की काढून घेतलं जाणारं सहकार्य हे सहकार्य नसून भाडं असतं. आणि तिचं रक्षण करणं ही तुरुंगाची जबाबदारी आहेच, ती कुणाच्याही आस्थापनेवर असो. व्यवहारात तोडगे निघतात. तपासणीच्या वेळी रक्षक दिसेल इतका जवळ आणि ऐकू येणार नाही इतका दूर उभा राहिला, की सुरक्षाही राहते आणि गोपनीयताही.

अडचण निराळी आहे. हस्तांतर म्हणजे खासगीकरण असा अर्थ अनेक ठिकाणी लावला जातो. अमेरिकेत कितीतरी काउंटी तुरुंगांनी आरोग्यसेवा कंपन्यांना कंत्राटावर दिली आहे. ठरावीक रकमेच्या कंत्राटात रुग्णालयात पाठवलेला प्रत्येक रुग्ण कुणाच्या तरी ताळेबंदात खर्च म्हणून उतरतो. तिथे नर्सच्या खोलीतला तिसरा माणूस अधीक्षक नसतो, हिशेबनीस असतो. बदल म्हणून हे वाईटच. अधीक्षकाला निदान तुरुंगातल्या मृत्यूचं उत्तर द्यावं लागतं.

आणि नुसतं खातं बदलून करिअर होत नाही. आरोग्यखात्याने तुरुंगातली जागा ‘अवघड ठिकाण’ म्हणून यादीत टाकली आणि नव्या नर्सेसना आळीपाळीने दोन-दोन वर्षं तिथे ढकललं, तर तुरुंगाची नर्स बरी होती म्हणायची वेळ येईल. तुरुंगात जाण्याआधी व्यसनमुक्ती, मानसिक आजार, क्षय आणि जखमांची कायदेशीर नोंद यांचं प्रशिक्षण हवं. छळाच्या खुणा कशा नोंदवायच्या याचं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन इस्तंबूल प्रोटोकॉलच्या रूपाने १९९९ पासून उपलब्ध आहे, पण तुरुंगातल्या किती नर्सेसनी ते उघडून पाहिलं असेल? अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९८० च्या दशकापासून तुरुंगातल्या नर्सिंगची स्वतंत्र मानकं मांडली आहेत. म्हणजे ही एक वेगळी शाखा आहे हे मान्य व्हायला आधार आहे. बढतीची वाट आतूनच हवी: पाळीची प्रमुख, व्यसन किंवा मानसिक आरोग्यातली तज्ज्ञ नर्स, मग अनेक तुरुंगांची जबाबदारी. आज वर जायचं तर बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडणारी अनुभव घेऊन जाते.

माझा सर्वांत जास्त भर मात्र ये-जा करण्यावर आहे. तुरुंगातल्या नर्सने आठवड्यातला काही वेळ बाहेरच्या रुग्णालयात काम करावं, अशी संयुक्त पदं असावीत. कौशल्य टिकतं हे एक कारण झालंच. पण मोठं कारण म्हणजे नजर. सतत आत राहिलं की तुरुंग माणसात उतरतो. ओरडणाऱ्या रुग्णाकडे बघण्याआधी त्याचं कलम आठवायला लागतं. (कलम नर्सला माहीत असावं का? माझ्या मते, तिच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका असेल तेवढंच सांगावं, बाकी नको. कुतूहल समजू शकतो, पण एकदा कळलं की ते सुईच्या टोकापर्यंत पोचतं.) बाहेरच्या वॉर्डात तीच नर्स अनोळखी माणसाचं दुखणं पुराव्याशिवाय खरं मानते. ती सवय मोडू नये म्हणून ती अधूनमधून बाहेर जायला हवी. तिच्या मनावर जे साचतं, आत्महत्या, मारामाऱ्या, तिने आधी सांगूनही घडलेले मृत्यू, त्याबद्दल बोलायला तिची वरिष्ठ नर्स हवी. अधीक्षकाच्या केबिनमध्ये ते बोलता येत नाही.

आता सुटकेबद्दल. तुरुंगातल्या आरोग्यसेवेचं सर्वांत मोठं अपयश बहुधा तुरुंगाच्या दाराबाहेर घडतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात सुटलेल्या तीस हजारांहून जास्त कैद्यांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका राज्यातल्या इतर नागरिकांच्या जवळजवळ तेरा पट होता, आणि अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मरण्याचा धोका १२९ पट. कारण गूढ नाही. आत असताना शरीराची सवय मोडलेली असते, बाहेर आल्यावर माणूस जुनाच डोस घेतो. स्कॉटलंडने २०११ साली राष्ट्रीय कार्यक्रम सुरू करून, सुटणाऱ्या ज्या कैद्यांना हा धोका होता त्यांच्या हाती नालोक्सोन द्यायला सुरुवात केली. अफूजन्य पदार्थांच्या अतिसेवनात श्वास थांबत असताना ते औषध उतारा म्हणून काम करतं. २००६ ते २०१० या काळात अशा पदार्थांमुळे झालेल्या मृत्यूंपैकी ९.८ टक्के तुरुंगातून सुटल्यावरच्या चार आठवड्यांत झाले होते. २०११ ते २०१३ मध्ये हे प्रमाण ६.३ टक्क्यांवर आलं. औषध हाती देणं, ते कसं वापरायचं हे शिकवणं, घरच्यांनाही दाखवा असं बजावणं, हे नर्सचं काम आहे.

त्यासाठी कोण कधी सुटणार हे तिला आधी कळायला हवं. अनेक तुरुंगांत ते कळत नाही. जामिनाचा आदेश येतो, कागद तपासले जातात, सामान परत दिलं जातं, माणूस निघून जातो, आणि दुसऱ्या दिवशी औषधवाटपात नाव पुकारल्यावर नर्सला कळतं की तो गेला. त्याच्याकडे क्षयाच्या गोळ्या नाहीत, चिठ्ठी नाही, पुढच्या दवाखान्याचं नाव नाही. तुरुंगाच्या लेखी सुटका ही कायदेशीर बाब असते, त्यात आरोग्याचा रकानाच नसतो. रुग्णालयात डिस्चार्ज कार्डाशिवाय कुणाला सोडत नाहीत. नर्स आरोग्यव्यवस्थेची असेल तर तिची नोंद तुरुंगाच्या दाराशी संपत नाही, त्याच व्यवस्थेतल्या पुढच्या दवाखान्यापर्यंत जाऊ शकते.

खात्यांचं हस्तांतर व्हायला वर्षं लागतील, त्यावर समित्या बसतील. पण सुटकेच्या कागदांत नर्सच्या सहीचा एक रकाना घालायला कायदा बदलावा लागत नाही, एका परिपत्रकाने ते होतं. औषधं दिली, चिठ्ठी दिली, पुढचा दवाखाना सांगितला, एवढ्याचीच ती सही. तिच्यासाठी सुटका अडवून ठेवायची नाही, पण ती राहिली तर का राहिली हे लिहून द्यायचं. ज्यांना हस्तांतर फार दूरचं वाटतं त्यांनी निदान हा रकाना मागावा. तो द्यायलाही तुरुंग प्रशासन का-कू करू लागलं, तर नर्स त्यांच्या हाताखाली का नको हे मला वेगळं सांगावं लागणार नाही.